जुन्या यंत्रावरील वार्तिक

वडिलार्जित वस्तूशी वागण्याच्या तीन तऱ्हा आपल्या कुटुंबांत आढळतात. कोणी ती जशीच्या तशी कडीकुलपात ठेवितो. कोणी ती मोडीत घालून नवी आणितो. आणि एखादाच तिच्यातील गुण ओळखून, दोष हेरून, ती सुधारावयास हाती घेतो. पहिल्यास आपण श्रद्धाळू म्हणतो, दुसऱ्यास व्यवहारी म्हणतो. तिसऱ्यास मात्र बहुधा 'खुळा' हीच पदवी मिळते. या महिन्याचे आमचे चार शब्द त्या तिसऱ्याच्या कैवारासाठी आहेत. वस्तू म्हणाल, तर जुनी मोटारगाडी.

ठाण्यास नौपाड्याच्या जुन्या वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींत, कल्याणच्या आळ्यांत, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारांत अजूनही कोठे कोठे ताडपत्रीखाली एखादी 'फियाट' उभी असते. आजोबांनी ती वर्षानुवर्षे नंबर लावून मिळविलेली. वडिलांनी तीतून कोकणच्या फेऱ्या केलेल्या. आता घरातील पदवीधर नातू म्हणतो, "ही विकू नका, हिचे इंजिन मी असे तयार करितो, की कारखान्यातून आली तेव्हाही ती अशी पळाली नसेल." मग घरात सभा भरते. काका म्हणतात, एवढ्या पैशांत नव्या गाडीचा पहिला हप्ता भरेल. आजी म्हणते, निदान सुट्टीच्या दिवशी तरी पोराचे हात स्वच्छ राहू देत. अशा सभांतून आमच्या मताची विचारणा कधी कधी होते, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

प्रथम त्या ताडपत्रीखालच्या गाडीचे कुळ पाहू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व कुर्ल्यास कारखाना उभारिला. पन्नासाव्या सालानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन त्यांच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. 1964 साली '1100 डिलाइट' आली, आणि पुढे सत्तरीच्या दशकात तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. आपल्या भागाशीही या कंपनीचे नाते होते. कल्याण-शिळ मार्गावर डोंबिवलीनजीक तिचा दुसरा कारखाना होता. 1994 नंतर थोडी वर्षे तेथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची '309' ही गाडी जुळविली जाई. कारखाना गेला, परंतु सभांसाठी गाजणाऱ्या मैदानास लोक अद्याप 'प्रीमियर मैदान' म्हणतात.

या गाडीच्या इंजिनाची घनक्षमता 1089 घनसेंटिमीटर आणि बळ सुमारे 40 अश्वशक्तीचे. आजच्या हिशेबाने हे बळ अगदीच बेताचे, आणि म्हणून पुष्कळांची अशी समजूत आहे की हे इंजिन म्हणजे गरीब गाय. तथापि त्याची वंशावळ निराळे सांगते. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर व्यास, 75 मिलिमीटर धाव, हे त्याचे मूळ माप 1937 साली फियाटच्या '508 सी' या गाडीत प्रथम आले, आणि त्या गाडीचा कर्ता दान्ते जाकोसा हा विसाव्या शतकातील मोठा यंत्रकार होय. 1940 साली एन्झो फेरारी याने स्वतंत्रपणे पहिली शर्यतीची गाडी बांधिली, तेव्हा तीस स्वतःचे नाव देण्याची त्यास करारान्वये मोकळीक नव्हती. 'आउतो आव्हियो 815' असे तिचे नाव. तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन फियाटच्या याच इंजिनाचे पुष्कळसे भाग घेऊन सिद्ध झाले होते. सिलिंडरांवरची दोन डोकीही फियाटचीच. त्या वर्षीच्या ब्रेशिया येथील शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या आणि दोन्ही मध्येच बंद पडल्या. परंतु फेरारी या नावाच्या पुढील कीर्तीची पहिली पायरी तीच.

महायुद्ध संपताच 1946 साली पिएरो दुझियो याच्या 'चिसितालिया' कंपनीने याच 1100 च्या इंजिनावर एकासनी शर्यतीची गाडी काढिली. तिची आखणीही जाकोसानेच केली होती. दुसऱ्या वर्षी हजार मैलांच्या 'मिल्ले मिल्या' शर्यतीत ताझियो नुव्होलारी हा चोपन्न वर्षांचा, प्रकृतीने खंगलेला वीर चिसितालियाची उघडी गाडी घेऊन उतरला. त्याच्या इंजिनाच्या अडीचपटीहून मोठे इंजिन असलेल्या आल्फा रोमिओच्या पुढे तो बराच वेळ होता. अखेरीस मुसळधार पावसाचे पाणी प्रज्वलनाच्या यंत्रणेत शिरून त्याचा वेळ गेला आणि त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आपल्या दारच्या टॅक्सीचे इंजिन त्याच गोत्राचे आहे, हे ध्यानात आले म्हणजे नातवाचे बोलणे तितकेसे खुळे वाटत नाही.

येथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. ही सारी सुधारणा मूळ कारखान्याने केलेली नव्हे. चिसितालियाचे इंजिन मूळचे फियाटचे, परंतु त्यातून शर्यतीचे बळ काढिले ते बाहेरच्यांनी. इटलीत तर असा धंदाच उभा राहिला. जॉर्जो आंब्रोझिनी या शर्यतीच्या शोकिनाने 1926 साली तुरीन शहरात 'सियाता' ही संस्था काढिली. फियाटच्या चिमुकल्या 'तोपोलिनो' गाडीचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूस असत. सियाताने व्हॉल्व्ह वर असलेले नवे डोके करून विकण्यास काढिले. पुढे कार्लो आबार्थ याने छोट्या फियाट गाड्यांसाठी सुधारणेचे सर्व भाग लाकडी पेटीत घालून विकले. पेटी घरी आणावी आणि मिस्त्रीच्या साह्याने गाडीस जोडावी. इंग्लंडात एम.जी. कारखान्याने तर आपल्या 'टी' मालिकेच्या गाड्यांसाठी इंजिनाचे बळ पायरीपायरीने कसे वाढवावे याची पुस्तिकाच काढिली. शोकिनांचा आग्रह मूळ कर्त्यानेही मान्य केल्याचे हे उदाहरण होय.

आमचे सारे आयुष्य व्याकरण शिकविण्यात गेले, म्हणून दृष्टांतही तेथलाच सुचतो. पाणिनीने सूत्रे रचिली. कात्यायनाने त्यांवर वार्तिके लिहिली. सूत्रात काय सांगितले, काय सांगावयाचे राहिले आणि काय नीट सांगितले गेले नाही, याचा विचार करणे हे वार्तिककाराचे काम. त्यात सूत्रकाराचा अवमान नाही; उलट सूत्र वारंवार वाचल्यावाचून वार्तिक लिहिताच येत नाही. जुन्या इंजिनाची सुधारणा करणारा शोकीन तद्वत् होय. कारखान्याने यंत्र केले ते हजारोंच्या सोयीचे, स्वस्त पडणारे, कसल्याही पेट्रोलवर चालणारे. त्यात जे मुद्दाम राखून ठेविले, ते शोधून काढणे हे याचे काम. फियाटने स्वतःही एके ठिकाणी हे दाखवून दिले आहे. 1953 च्या नव्या '1100' मध्ये साध्या गाडीचे बळ 36 अश्वशक्ती होते; त्याच 1089 घनसेंटिमीटरांतून 'टी. व्ही.' या वेगवान गाडीसाठी सुमारे 50 काढिले गेले. अर्थात एवढे बळ त्या ओतीव लोखंडात प्रथमपासून होतेच.

ते कसे निघते, हे मुलांना शिकवितो तसे सांगतो. इंजिन हे मूलतः हवेचा भाता आहे. जितकी हवा आत घेता येईल तितके पेट्रोल जळेल, आणि जितके जळेल तितके बळ. मग उपाय तीनच उरतात: प्रत्येक श्वास मोठा करणे, श्वास जलद करणे, आणि घेतलेल्या श्वासाचा अधिक उपयोग करून घेणे.

श्वास मोठा करावयाचा तर हवेची वाट मोकळी हवी. हेडमधील वाटा ओतकामातून खडबडीत आलेल्या असतात. त्या घासून सरळ करणे, व्हॉल्व्ह किंचित रुंद करणे, एकाऐवजी दोन नळ्यांचा कार्बुरेटर लावणे आणि धूर बाहेर नेणारी नळी मोकळी करणे, ही पहिली कामे. सिलिंडरचा व्यास वाढविणे हाही एक उपाय आहे. 68 मिलिमीटरचे 72 केले, तर त्याच धावेत घनक्षमता 1089 वरून 1221 होते, म्हणजे सुमारे 12 टक्के वाढ. इटलीत फियाटने स्वतःच पुढे 1221 घनसेंटिमीटरचे इंजिन काढिले होते. मात्र आपल्याकडील ब्लॉकच्या भिंती तितक्या जाड आहेत की नाहीत, हे मोजल्यावाचून लेथवर चढवू नये.

श्वास जलद करण्याचे काम कॅमचे. व्हॉल्व्ह केव्हा उघडावा आणि किती वेळ उघडा राहावा हे कॅमचा उंचवटा ठरवितो. तो निराळ्या आकाराचा घडविला, तर अधिक फेऱ्यांत इंजिन गाऊ लागते. पण येथे फुकट काही मिळत नाही. वरच्या फेऱ्यांत जे मिळाले ते खालच्या फेऱ्यांतून वजा होते, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत अशी गाडी दर दहा पावलांवर रुसते. शर्यतीच्या मैदानावर जे भूषण, ते ठाणे स्थानकाबाहेर दूषण.

तिसरा उपाय दाबाचा, आणि त्याचे गणित मोठे गमतीचे आहे. 1089 चे चार भाग केले, तर एका सिलिंडरच्या वाट्यास सुमारे 272 घनसेंटिमीटर येतात. ही हवा साडेसातपट दाबावयाची असेल, तर वर सुमारे 42 घनसेंटिमीटरची पोकळी लागते. नऊपट दाबावयाची, तर 34 ची. फरक अवघा आठ घनसेंटिमीटरांचा, म्हणजे चहाचे दीड चमचे! हेडची खालची बाजू थोडीशी तासली की हा फरक पडतो, आणि पुस्तकी हिशेबाने तेवढ्याच पेट्रोलातून सुमारे 6 टक्के अधिक काम निघते. परंतु दाब अधिक झाला आणि पेट्रोल हलके असले, की ते ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटते, इंजिन खडखडते आणि पिस्टन भाजतात. जुन्या काळी पेट्रोल हलकेच मिळे, म्हणून कारखान्याने दाब कमी ठेविला. आजचे साधे पेट्रोल 91 ऑक्टेनहून कमी नसते, तेव्हा येथे वार्तिकास वाव आहे. मात्र 2025 पासून देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुन्या रबरी नळ्या व वायसर खराब होतात, आणि कार्बुरेटरचे जेटही त्या मानाने मोठे करावे लागतात. हे ठाऊक नसता पहिलाच दिवस गाडी ढकलण्यात जाईल.

आता ज्या गोष्टी उत्साही तरुण शेवटी पाहतो आणि आमच्या मते प्रथम पाहाव्या, त्या सांगतो. या इंजिनाचा क्रँक तीनच बेअरिंगांवर फिरतो. फेऱ्या अतोनात वाढविल्या, तर तो वाकतो व थरथरतो. बळ वाढले म्हणजे उष्णता वाढते. कसारा घाटात जी गाडी मूळ अवस्थेतच वाफा सोडीत असे, तिला मोठा रेडिएटर न देता तिचे बळ वाढविणे म्हणजे अशक्त माणसास दुप्पट जेवू घालणे. आणि सर्वांत महत्त्वाचा तो ब्रेक. वेग ताशी 60 किलोमीटरांवरून 80 वर नेला, तर वेग एक-तृतीयांशच वाढला असे वाटते. परंतु गतीची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती पावणेदोनपटीहून अधिक होते. ती सारी शक्ती चार जुन्या ड्रमांतील पट्ट्यांनी शोषून घ्यावयाची असते. कंसातील पद सोडवावे मग गुणाकार करावा, असा जसा गणितात क्रम, तसाच येथे: प्रथम ब्रेक, नंतर सुकाणूचे सांधे व टायर, मग पाणी व तेल, आणि सर्वांशेवटी बळ. ज्याने हा क्रम उलटा केला, त्यास घरच्यांनी पैसा देऊ नये. आमचा कैवार येथेच संपतो.

दुसरी अट कायद्याची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने ठरविलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लाविला. वाटा घासणे, तोल साधणे, ठिणगी नेमकी करणे यांनी नोंदणीपत्रातील एकही अक्षर बदलत नाही. परंतु व्यास वाढविला की घनक्षमता बदलते आणि इंजिन पालटले की क्रमांक बदलतो. तेथे ठाण्याच्या वा कल्याणच्या परिवहन कार्यालयाची पायरी आधी चढावी. '118 एन. ई.' या 1985 च्या गाडीत प्रीमियरने जपानच्या निस्सानचे 1171 घनसेंटिमीटरचे इंजिन घातले होते, आणि ते काढून जुन्या फियाटमध्ये बसविणारेही शोकीन झाले. गाडी पळते खरी. पण ते वार्तिक नव्हे, ते दुसऱ्याच ग्रंथाचे पान आपल्या पोथीत शिवणे झाले.

याहून नाजूक पेच निराळा आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्ही. ए.' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तीसाठी गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सत्तरीच्या प्रारंभीच्या फियाट आता त्या वयास पोचल्या आहेत. म्हणजे आज केलेली सुधारणा उद्या मानास आड येऊ शकते. जपावे की सुधारावे? येथे आम्ही जुन्या पोथ्यांच्या संपादकांचा दंडक सुचवितो. चांगला संपादक मूळ पाठ कधी खरवडीत नाही. आपला पाठभेद समासात लिहितो. तसेच येथे करावे. मूळ हेड तासू नये. मोडीतून दुसरे मिळवून त्यावर काम करावे. मूळ कार्बुरेटर, मूळ कॅम, मूळ धुराची नळी तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावी. शनिवार-रविवार राबून जे जोडले ते तितक्याच श्रमात उलट करता आले, म्हणजे नातवाची हौस भागते आणि आजोबांची गाडीही शाबूत राहते.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांतून विद्येस मान आहे, पण ती कागदावरची असेल तर. मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेतो आणि लेथच्या चाकास त्याचा हात लागलेला नसतो. उलट वागळे इस्टेटीत वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एखादा टर्नर शंभरांश मिलिमीटरचा फरक बोटाने सांगतो, पण त्यास आपण 'शिकलेला' म्हणत नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही, म्हणून हे थोडे अधिकाराने बोलतो: पदवी ही विद्येची पावती आहे, विद्या नव्हे. जुने इंजिन सुधारावयाचे तर त्या पदवीधर नातवास त्या टर्नरच्या दारी जावे लागते, त्यास 'काका' म्हणावे लागते, आणि आपले गणित त्याच्या बोटांवर तपासून घ्यावे लागते. कोणत्याही महाविद्यालयात हा विषय शिकवीत नाहीत. एवढ्या एका लाभासाठी त्या खुळेपणास पैसा द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि घरातील नातीने तोच हट्ट धरिला, तर तिलाही.

यास काळाची मर्यादा आहे, म्हणून घाई. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून नाहीशी झाली. ती धावत होती तोवर तिचे भाग मिळत आणि तिचे वैद्यही पोट भरीत. आता ज्यांनी हजारो वेळा हे इंजिन उघडले ते मिस्त्री साठी-सत्तरीस आले आहेत, आणि त्यांची मुले संगणकावर निदान करणाऱ्या नव्या गाड्यांकडे वळली आहेत. कोणत्या महिन्यात कोणता जेट, गॅस्केट बसविताना कोणता नट आधी आवळावा, हे त्यांनी कोठे लिहून ठेविलेले नाही. ज्याची परंपरा केवळ मुखाने चालते, त्या विद्येचे शिष्य संपले की काय होते, हे संस्कृत पाठशाळांतून आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून घरच्या सभेने ठराव करावा तो असा: वर्षाची एक ठरावीक रक्कम; आधी ब्रेक; मूळ भाग पेटीत; आणि एक शंभर पानी वही. तीत मिस्त्रीचा प्रत्येक शब्द, प्रत्येक माप, तासण्यापूर्वीचे आणि नंतरचे, तारखेसह उतरून काढावे. गाडी पळेल न पळेल. वही मात्र राहील, आणि पुढच्या शिकणाऱ्यास तीच सूत्रपाठ होईल.